हलका गोळा मागे का येत नाही? असमान वस्तुमानांची स्थितिस्थापक टक्कर

प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या मॅडमचा आहे. अकरावीला टक्करी शिकवताना त्यांनी ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल आडवा ठेवला, त्यात एक इंची पोलादी गोळा ठेवला आणि अर्धा इंची गोळा त्यावर सोडला. स्थितिस्थापक टक्करीच्या, म्हणजे जिच्यात गतिज ऊर्जा वाया जात नाही अशा टक्करीच्या, सूत्राप्रमाणे लहान गोळा आपल्या वेगाच्या ७/९ वेगाने मागे यायला हवा होता. तो आदळला आणि जवळजवळ तिथंच थांबला. मग दोन सारखे गोळे घेतले, तर आदळणारा थांबायच्या ऐवजी पुढच्याच्या मागोमाग चालू लागला. पोट्टे विचारू लागले, सूत्र खोटं आहे का? दुसरा प्रश्न असा की टक्करीनंतरचे दोघांचे वेग काढायची ती दोन लांबलचक सूत्रं मुलांच्या लक्षात राहत नाहीत, त्यावर उपाय काय?

मॅडम, सूत्र बरोबर आहे आणि तुमचं निरीक्षणही बरोबर आहे. खोडा घातलाय तो अँगलने.

पुस्तकातली टक्कर सरकणाऱ्या वस्तूंची असते. तुमचे गोळे गडगडत येतात, म्हणजे पुढे जातात तसे स्वतःभोवतीही फिरतात. टक्कर होते त्या क्षणी पुढे जाण्याचा वेग झटक्यात बदलतो, पण स्वतःभोवतीचं फिरणं बदलत नाही. गुळगुळीत पोलाद पोलादाला फिरवू किंवा थांबवू शकत नाही. त्यामुळे टक्करीनंतरही गोळा क्षणभर स्वतःभोवती पुढच्या दिशेनेच फिरत राहतो. मग खालचं घर्षण त्या फिरण्याचं पुन्हा पुढे जाण्यात रूपांतर करतं. डोळ्याला दिसतो तो हा घर्षणानंतरचा वेग. सूत्र सांगतं तो त्याच्या आधीचा, अगदी थोडा वेळ टिकणारा वेग.

हे किती बिघडवतं याचा हिशेब अवघड नाही. सपाट पृष्ठभागावर गडगडणाऱ्या भरीव गोळ्याच्या गतिज ऊर्जेपैकी २/७ हिस्सा फिरण्यात असतो. काटकोनी अँगलमध्ये गोळा दोन्ही भिंतींना टेकतो, त्याची फिरण्याची त्रिज्या कमी पडते, म्हणून तो त्याच वेगाला जास्त जोरात फिरतो आणि हा हिस्सा ४/९ होतो. टक्करीनंतर घसरणं संपून गोळा परत नीट गडगडू लागला की त्याचा वेग असा निघतो:

सपाट जागेवर: (५ × सूत्राचा वेग + २ × आधीचा वेग) ÷ ७
काटकोनी अँगलमध्ये: (५ × सूत्राचा वेग + ४ × आधीचा वेग) ÷ ९

दोन सारखे गोळे घ्या. सूत्राचा वेग शून्य. अँगलमध्ये आदळणारा गोळा आधीच्या ४/९ वेगाने पुढे जात राहणार, म्हणजे थांबायच्या ऐवजी मागोमाग चालणार. आता तुमचा अर्धा इंच विरुद्ध एक इंच घ्या. व्यास दुप्पट म्हणजे वस्तुमान आठपट (इथे मुलं हमखास 'दुप्पट' लिहितात, तेवढं तपासा). सूत्राचा वेग उणे ७/९. वरच्या ओळीत घातला की उत्तर येतं आधीच्या वेगाच्या १/८१. म्हणजे गोळा उभाच. सपाट काचेवर केलं असतं तर तो मागे आला असता, पण ७/९ ऐवजी १७/६३ वेगाने, म्हणजे पाव वेगापेक्षा थोडा जास्त.

अँगलचा आणखी एक दोष आहे. लहान-मोठ्या गोळ्यांची केंद्रं एका उंचीवर येत नाहीत. लहान गोळा मोठ्याच्या पोटाखाली आदळतो आणि टक्करीची रेषा आडवी न राहता सुमारे २८ अंश वर जाते. मोठा किंचित उचलला जातो, लहान पट्टीत दाबला जातो. सपाट जागेवर हाच कोन साडेएकोणीस अंश. म्हणून असमान गोळ्यांसाठी पट्टी, नळी, टेबल सगळं सोडा आणि लंबक बांधा. लंबकाला टांगलेला गोळा गडगडत नाही आणि केंद्रं हवी त्या उंचीवर आणता येतात.

बांधणीकडे वळण्याआधी सूत्राचं पाहू, कारण लंबकावर नेमकं तेच दाखवायचं आहे.

दोन सूत्रं पाठ करायला लावू नका. एकच गोष्ट शिकवा: टक्कर झाल्यावर दोन्ही वस्तू चिकटून गेल्या असत्या तर त्यांचा वेग किती असता? एकूण संवेग (वस्तुमान × वेग) भागिले एकूण वस्तुमान. याला सामाईक वेग म्हणू. टक्कर चिकट असो की स्थितिस्थापक, हा आकडा बदलत नाही, कारण संवेगाची अक्षय्यता दोन्हीकडे आहेच. पूर्ण स्थितिस्थापक टक्करीत प्रत्येक वस्तूसाठी एकच नियम:

नंतरचा वेग = २ × सामाईक वेग − आधीचा वेग

वस्तू हलकी असो, जड असो, आधी थांबलेली असो, समोरून येणारी असो, नियम हाच. का, हे सतराव्या शतकात क्रिस्टियान हायगेन्सने नावेत बसून टक्कर पाहण्याच्या कल्पनेतून उलगडलं. सामाईक वेगानेच जाणाऱ्या नावेतून पाहिलं तर एकूण संवेग शून्य दिसतो. म्हणजे दोन वस्तूंचे वेग कायम वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात, विरुद्ध दिशेला. आता गतिज ऊर्जाही तेवढीच राहायची असेल तर दोघांच्या वेगांचं माप बदलू शकत नाही. उरते ती फक्त दिशा, आणि ती उलटते. नावेतून दिसणारा वेग म्हणजे 'आधीचा वजा सामाईक'. तो उलटा करा आणि सामाईक परत मिळवा, झाला नियम. वर्गात ही चार वाक्यं पुरतात. बीजगणिताचं पान नंतर लिहून घ्या.

आता लंबक. गोळे तेच चालतील. अर्धा इंची छर्रा कोणत्याही ट्रॅक्टर गॅरेजात मिळतो. एक इंची गोळा जुन्या मोठ्या बेअरिंगमधून काढावा लागतो. जिनिंगच्या भंगारात विचारून पाहा. अर्धा इंची सुमारे ८.४ ग्रॅम, एक इंची सुमारे ६७ ग्रॅम. बेअरिंगच्या गोळ्याला भोक पाडायच्या नादी लागू नका. ते पोलाद कडक केलेलं असतं, साधं ड्रिल-बिट जळून जातं. एम-सीलचा छोटा तुकडा वर बसवून त्यात तारेची कडी रोवा आणि रात्रभर सुकू द्या. एम-सीलचंही वजन धरायचं असतं. सोयीसाठी हलक्याचं एकूण ९ ग्रॅम आणि जडाचं ७२ ग्रॅम करा, म्हणजे गुणोत्तर नेमकं १:८ राहील. किराणा दुकानाचा काटा इथे कामाचा नाही, ५ ग्रॅमचे टप्पे असले तर ९ ग्रॅमचं काय सांगणार? सोनाराच्या काट्यावर करून आणा.

प्रत्येक गोळा एका दोऱ्याने न टांगता इंग्रजी व्ही अक्षरासारखा दोन दोऱ्यांनी टांगा. दोऱ्यासाठी मासेमारीचा बारीक तंगूस घ्या, कापसाचा दोरा ताणतो आणि पीळ सुटला की गोळ्याला फिरवतो. दोन्ही वरची टोकं झोक्याच्या दिशेशी काटकोनात, एकमेकांपासून ४० सेंटिमीटरवर. एकाच दोऱ्यावर गोळा बाजूला भरकटतो आणि टक्कर तिरपी होते, इथेच निम्मे प्रयोग फसतात. आधारापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत उभं अंतर दोन्हींचं १ मीटर. दोन लंबकांच्या आधारांमधलं अंतर दोन त्रिज्यांच्या बेरजेएवढं, म्हणजे १९ मिलिमीटर. स्थिर टांगल्यावर गोळे फक्त टेकले पाहिजेत. मध्ये कागद अडकत असेल तर ते एकमेकांना दाबताहेत. फट दिसत असेल तर टक्कर तळाशी होणार नाही. आधाराला हलकी फळी नको. सागाची जाड पट्टी दोन बाकांवर पक्की बांधा, नाहीतर जड गोळ्याच्या धक्क्याने आधारच डोलतो आणि ऊर्जा तिकडे जाते. पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं सोपं नाही, म्हणून प्रयोग सकाळच्या तासाला ठेवा.

वेग मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. लंबकाचा तळाचा वेग त्याला मागे किती ओढला त्या सरळ अंतराच्या प्रमाणात असतो. १ मीटर लंबकासाठी मीटरमधल्या अंतराला सुमारे ३.१३ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद मिळतात. तेही करायची गरज नाही, सगळे वेग सेंटिमीटरमध्येच लिहा. खाली मिलिमीटरची पट्टी आडवी ठेवली तरी चालेल. २०-२५ सेंटिमीटरपर्यंत आडवं अंतर आणि खरं अंतर यांत एक टक्क्याचाही फरक पडत नाही.

हलका गोळा २७ सेंटिमीटर मागे ओढा. हातातून सोडू नका, बोटं सुटताना धक्का बसतोच. शिवणकामाच्या दोऱ्याने मागे बांधून ठेवा, हलणं पूर्ण थांबू द्या, मग काडीने दोरा जाळा. लोहचुंबकाने धरून सोडायची युक्ती टाळा, पोलाद थोडं चुंबकीय होतं आणि गोळे एकमेकांना ओढू लागतात. हलक्याचं वस्तुमान १ आणि जडाचं ८ धरलं की सामाईक वेग २७ ÷ ९ = ३. म्हणून नियमाने जड गोळा ६ सेंटिमीटर पुढे गेला पाहिजे आणि हलका ६ − २७ = −२१, म्हणजे २१ सेंटिमीटर मागे. ताळा: संवेग २७ = −२१ + ८ × ६. ऊर्जा, वर्ग करून, ७२९ = ४४१ + ८ × ३६. दोन्ही जुळतात. १:८ आणि २७ मुद्दाम धरले ते यासाठीच, फळ्यावर अपूर्णांक येत नाहीत.

वाचन टक्करीनंतर अर्ध्या सेकंदात घ्यायचं असतं, कारण १ मीटर लंबकाचा पूर्ण झोका २ सेकंदांचा. डोळ्याने दोन्ही गोळे एकाच वेळी पकडता येत नाहीत. मोबाइल दोन मीटर दूर, पट्टीच्या उंचीवर ठेवून व्हिडिओ काढा आणि थांबवून वाचा. जवळून काढलात तर कडेची वाचनं तिरपी दिसतात.

पुढच्या सेकंदाला जे होतं ते मुलांना जरूर दाखवा. दोन्ही लंबकांचा काळ सारखा असल्याने गोळे एकाच वेळी तळाशी परततात आणि पुन्हा आदळतात. या दुसऱ्या टक्करीत जड गोळा जवळजवळ थांबतो आणि हलका पुन्हा २७च्या जवळ जातो. पहिली टक्कर जणू उलटी फिरवली. खरा गोळा २७ गाठत नाही, प्रत्येक टक्करीत सापेक्ष वेगाचा थोडा हिस्सा गळतो. प्रयोग तसाच चालू ठेवला तर मिनिटभराच्या आसपास टकटक मंद होत जाते आणि शेवटी दोन्ही गोळे एकमेकांना टेकून, एकत्र, सुमारे ३ सेंटिमीटरचा झोका घेत राहतात. हवेच्या रोधामुळे थोडा कमी. हा ३ म्हणजेच सामाईक वेग.

तोच वेग सरळ पाहायचा असेल तर आपल्याकडे साधन फुकट आहे. जड गोळ्याच्या आदळण्याच्या जागी भिजवलेल्या काळ्या मातीचा दोनेक मिलिमीटर थर लावा. हलका गोळा २७वरून सोडला की चिकटतो आणि दोघं मिळून ३च्या जवळपास जातात. मातीचं वजन अर्ध्या ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. आता माती पुसून तीच टक्कर करा. थांबलेला जड गोळा स्थितिस्थापक टक्करीत सामाईक वेगाच्या बरोबर दुप्पट जायला हवा. प्रत्यक्षात ६ ऐवजी ५.८ आला, तर ५.८ ÷ ३ = १.९३. यातून १ वजा केला की ०.९३, हाच तो 'ई', म्हणजे कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन: दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग. मातीवाली टक्कर १, ही १ + ई. एका भागाकारात मोजला. न्यूटनने १६८७ मध्ये छापलेल्या लंबकांच्या प्रयोगांत काचेसाठी हा आकडा १५/१६ दिला आहे, म्हणजे सुमारे ०.९४. काचेचे कंचे यासाठी वाईट नाहीत, पण ते नेमके गोल नसतात आणि एम-सील त्यांवरून पटकन सुटतं.

ई १ पेक्षा कमी असला की नियम थोडा बदलतो: नंतरचा वेग = सामाईक − ई × (आधीचा − सामाईक). ०.९३ घातला तर हलका गोळा २१ ऐवजी १९.३ मागे येतो. लक्षात घ्या, जडाचं वाचन फक्त २ मिलिमीटरने चुकलं, हलक्याचं पावणेदोन सेंटिमीटरने. मुलं म्हणतील जडाचा नियम खरा, हलक्याचा खोटा. तसं नाही, हलक्याचा सामाईकपासूनचा फरक आठपट मोठा असतो, म्हणून त्रुटीही आठपट दिसते. हलक्याचं वाचन २१च्या बरंच खाली, १६-१७ आलं, तर ई तपासण्याआधी आधार डोलतोय का आणि गोळा एम-सीलच्या कडेवर आदळतोय का ते पाहा.

उलटा प्रयोगही करा. जड गोळा १८ सेंटिमीटरवरून सोडा. सामाईक १६, जड १४ ने पुढे, हलका ३२ ने. आदळणारा कितीही जड घेतला तरी थांबलेला हलका त्याच्या दुपटीच्या वर जात नाही, कारण सामाईक वेग आदळणाऱ्याच्या वेगापेक्षा जास्त होऊच शकत नाही. हा मुद्दा मुलांच्या पचनी पडायला वेळ लागतो. त्यांना वाटतं ट्रकने चेंडूला दहापट वेग दिला पाहिजे.

वर्गात सगळ्यात जास्त अडतं ते मात्र संवेगावर. हलका गोळा (वस्तुमान १) २७ने आला. जडाला मिळालेला संवेग ८ × ६ = ४८, आलेला फक्त २७. हुशार मुलगी इथे हात वर करते: जास्तीचे २१ आले कुठून? हलका उणे २१ घेऊन परत गेला, तिथून. त्याला नुसतं थांबवायला २७ लागले, उलटं फेकायला आणखी २१. बल दोघांवर सारखंच, वेळही सारखाच. 'जडाने जास्त जोर लावला' हे वाक्य वहीत दिसलं की लगेच खोडा. ऊर्जेचं मात्र वेगळं आहे: जडाला ७२९ पैकी २८८, म्हणजे ३९.५ टक्केच मिळाली. आदळणारा जड आणि थांबलेला हलका असतानाही हा टक्का तोच राहतो. समान वस्तुमानाला १००, १:२ ला ८९ टक्के. अंतर वाढेल तसा घसरतो, आणि भिंतीवर आदळलेला चेंडू भिंतीला दुप्पट संवेग देऊनही ऊर्जा जवळपास काहीच देत नाही.

लंबक बांधायला वेळ नसेल त्या दिवशी कॅरम आणा. सोंगट्या सरकतात, गडगडत नाहीत, त्यामुळे अँगलची पंचाईत इथे नाही. बोरिक पावडर मात्र नीट टाका. नियमाप्रमाणे स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच. गुणोत्तर ३:१ धरा. थेट मागून मारलेल्या फटक्यात सामाईक ३/४, म्हणून सोंगटी दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्याच मागे जातो. सरळ फटक्यात स्ट्रायकर भोकात जाऊन दंड बसतो तो यामुळेच. तिरप्या फटक्यात स्ट्रायकर आपल्या मूळ दिशेपासून साडेएकोणीस अंशांपेक्षा जास्त वळू शकत नाही, कारण त्या कोनाची साइन वस्तुमानांच्या गुणोत्तराएवढी, १/३. (अँगलच्या भागात हाच कोन आला होता, तो निव्वळ योगायोग.) सोंगटीने सोंगटी मारली तर दोघी एकमेकींशी ९० अंशांच्या जवळ फाकतात, जड आदळला तर कोन ९०च्या आत, हलका आदळला तर बाहेर.

बारावीपर्यंत जाणाऱ्यांना एक खरा वापर सांगा. जेम्स चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला तो याच नियमाने. न दिसणारा कण पॅराफिनमधल्या हायड्रोजनवर आदळून त्याला सेकंदाला ३.३ कोटी मीटर वेग देत होता, नायट्रोजनला ४७ लाख. थांबलेल्या वस्तूला सामाईकची दुप्पट, आणि हायड्रोजनचं वस्तुमान १, नायट्रोजनचं १४, म्हणून या दोन वेगांचं गुणोत्तर म्हणजे (अज्ञात + १४) ÷ (अज्ञात + १). सोडवलं की अज्ञात वस्तुमान १.१५च्या आसपास येतं, म्हणजे प्रोटॉनएवढं. अणुभट्टीत न्यूट्रॉन मंद करायचे तर त्याच्याच वजनाचं लक्ष्य हवं, म्हणजे हायड्रोजन, म्हणून पाणी. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत साधं पाणी आहे, तिसऱ्या-चौथ्यात जड पाणी. जड पाण्यातला ड्यूटेरियम (दुप्पट वजनाचा हायड्रोजन) थेट टक्करीत ८९ टक्केच ऊर्जा घेतो, पण न्यूट्रॉन गिळून टाकण्याचं त्याचं प्रमाण फार कमी, म्हणून तो परवडतो.

परीक्षेचं तेवढं राहिलं. सीईटीच्या गणितात वस्तू समोरासमोर येत असल्या की मुलं उणे चिन्ह विसरतात आणि मग सामाईक वेगच चुकतो. आधी उजवी दिशा अधिक असं लिहायला लावा. २ किलो उजवीकडे ५ ने, ३ किलो डावीकडे ५ ने: संवेग १० − १५ = −५, सामाईक −१. पहिल्याचा वेग −२ − ५ = −७, दुसऱ्याचा −२ + ५ = ३. तपासायचं एकाच ठिकाणी: जवळ येण्याचा वेग १०, दूर जाण्याचा ७ + ३ = १०. बोर्डाच्या पेपरात सूत्राची सिद्धता विचारली असेल तर मात्र संवेग आणि ऊर्जेची दोन्ही समीकरणं मांडूनच लिहू द्या. नुसता हा नियम लिहिला तर पायऱ्यांचे गुण जातात.